मनीचा दूधभात

आमची मनी वाळत चालली. दूधभात पुढें केला तर हुंगून निघून जाई. 'लाडानें शेफारली,' असा घरानें निकाल दिला. त्यांत मीहि होतों. परंतु मार्जार हा जातीनेंच मांसभक्षक. त्याला गोडाची चव कां कळत नाहीं, हें २००५ सालीं जनुकांवरून उलगडलें; म्हणजे आमची साखर व्यर्थच! टॉरिन नामक द्रव्य त्याच्या देहांत पुरेसें होत नाहीं. तें मांसमत्स्यांत असतें, न मिळाल्यास दृष्टि जाते, हृदय दुबळें होतें. पशुवैद्यांनीं दांत पाहिले, जंतांवर औषध दिलें. कांहीं दिवस उपाशी राहिल्यास यकृतांत चरबी सांचते, अशी ताकीदहि दिली. आतां शाकाहारी घरांत मासळी शिजवावी कोणीं? सुनेनें मागील पडवींत निराळें पातेलें मांडलें आहे. सौभाग्यवती अद्याप तिकडे फिरकत नाहींत. मनी मात्र तेथून हलत नाहीं.