माळवदावरचा पाईप

नांदेड-लातूरकडच्या खेड्यात एखाद्या जुन्या माळवदावर चढून पाहिलं, की कोपऱ्यात लोखंडी पाईप उभा दिसतो. गंजलेला, बाइंडिंग तारेनं कठड्याला आवळलेला. तो उभा केला दूरदर्शनसाठी. पुढं काही घरांत त्यावर टेलिफोनचा अँटेना आला, मग कपडे वाळत घालायची दोरी आली, आणि २०२० च्या पावसाळ्यात पुन्हा अँटेना चढला, इंटरनेटसाठी. या काळात तंत्रं बदलली, कंपन्या आल्या आणि बुडाल्या. एक हिशेब मात्र तसाच राहिला: गावापर्यंतची लहर सरकारची किंवा कंपनीची, गावापासून घरातल्या खोलीपर्यंतची आपली आपण बघायची. पाईप, तार, चढणारा पोरगा, सगळं घरचं.

सुरुवातीला तर आपण टीव्हीच्या नकाशातच नव्हतो. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत झाला. कर्नाटकात आणि आंध्रात जाळीच्या मोठाल्या छत्र्या बसल्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. टीव्ही आपल्याकडं रुळला तो ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांमुळं. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. पण शंभर वॅटचा प्रक्षेपक फार तर वीस-पंचवीस किलोमीटर धावायचा. त्यापलीकडच्या गावांनी काय करायचं? पाईप उंच करायचा. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी माळवदावरून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या. “यायलंय का?” “यायलंय... गेलं! थोडं मागं घे!”

त्या पाईपवरचा माशाच्या काट्यासारखा अँटेना मूळचा जपानचा. १९२६ मध्ये तोहोकू विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो मांडला. बहुतेक खटपट उडांची, नाव मात्र जगभर यागींचं झालं. त्याची करामत अशी, की तो चारी दिशांचं थोडं थोडं ऐकण्याऐवजी एकाच दिशेचं जास्त ऐकतो. शक्ती तो निर्माण करत नाही. बाजारात अँटेना विकणाऱ्या अर्ध्या लोकांना हे आजही ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत.

टेलिफोनलाही खेड्यात आधी अँटेनाच लागला, ही गोष्ट विसरली गेली आहे. नव्वदच्या दशकात दूरसंचार खात्यानं गावोगाव सार्वजनिक फोन दिले, त्यांतले बरेच तारेवर नव्हते, रेडिओवर होते. डबा घरात, यागी छपरावर, बॅटरी कोपऱ्यात. बॅटरी बसली की फोन मुका, आणि बॅटरी बसलेलीच असायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा संपर्काची किंमत साऱ्या लातूर जिल्ह्याला कळली; त्या दिवसांत हौशी हॅम रेडिओवाल्यांनी आपले संच आणून निरोप पोचवले होते.

भूकंपानं आणखी एक गोष्ट केली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवद यांची लोकांना भीती बसली. पुनर्वसित गावांत नवी घरं आली, आणि जुन्या गावांतही ज्याला जमेल त्यानं माळवद उतरवून पत्रे टाकले. रेडिओलहरीच्या नजरेनं पाहिलं तर हे आगीतून फुफाट्यात जाणं होतं. दोन फुटांची भिंत लहर शोषून घेते. पत्रा तिला सरळ परतवून लावतो. पत्र्याच्या घरात फोनला मिळतं ते दारा-खिडकीतून शिरलेलं उष्टं. त्यामुळंच आपल्याकडं रेंजसाठी माणूस ओट्यावर येतो, आणि खाजगी बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

२००० नंतर ‘डब्ल्यूएलएल’ नावाचे बिनतारी घरगुती फोन आले. दिसायला लँडलाइन, आत मोबाइल. जिथं सिग्नल कच्चा, तिथं अँटेना वर आणि केबल खाली. काही वर्षांत हातातला मोबाइल स्वस्त झाला आणि तो फोन अडगळीत गेला. सीमेवरच्या लोकांची वेगळीच कथा. धर्माबाद-देगलूरला पलीकडच्या आंध्र सर्कलचा टॉवर पकडायचा, देवणी-उदगीरकडं कर्नाटकचा. घरात बसल्या बसल्या रोमिंग लागायचं. शेतात एका बांधावर महाराष्ट्र, दुसऱ्या बांधावर परप्रांत. २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे पैसे सोडले तेव्हा कुठं ही कटकट मिटली.

मग डोंगलचा जमाना. यूएसबीची लांब वायर लावून डोंगल खिडकीला टांगायचा, कुणी तो स्टीलच्या कढईत ठेवायचा. कढईला हसू नये, तिच्यामागं छत्रीचंच शास्त्र आहे. पण आठशे मेगाहर्ट्झची लहर पस्तीस-सदतीस सेंटिमीटर लांब, आणि कढईचा व्यास तिच्याहून कमी. एवढ्याशा भांड्यात ती लहर काय गोळा होणार? फायदा झाला असेल तर तो डोंगल खिडकीपर्यंत नेल्याचा.

२०१६ हे लातूरकरांच्या लक्षात राहतं ते एप्रिलमध्ये मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेमुळं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. पाणी आठ-दहा दिवसांनी आणि डेटा फुकट, असे ते दिवस. त्यानंतर खरी मागणी वाढली. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, पीकविमा ऑनलाइन झाला, लातूर-नांदेडच्या क्लासेसचे व्हिडिओ फोनवर आले. रेंज नसली की दुकानदार मशीन घेऊन गावाबाहेरच्या उंचवट्यावर, मागं रांग.

आणि मार्च २०२०. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरं बाहेरगावच्या पोरांवर चालतात. होस्टेल एका आठवड्यात ओस पडली आणि नीटची तयारी करणारी मुलं वाड्या-तांड्यांवर, शेतातल्या आखाड्यांवर परतली. क्लास ऑनलाइन झाले. माझ्या मावसभावाचं घर मुखेड तालुक्यात, माळवदाचं. त्याचा मुलगा भिंतीतल्या देवळीशेजारी बसून अभ्यास करायचा आणि व्हिडिओ दर मिनिटाला गोल फिरत थांबायचा. चार जी राउटर मागवला, मागं दोन स्क्रूचे अँटेना असणारा. ते काढून बाहेरचा अँटेना जोडता येतो. हे आधी बघावं लागतं, कारण पुष्कळ स्वस्त हॉटस्पॉटना तसं तोंडच नसतं.

पाईप तोच, दूरदर्शनचा. वहिनी म्हणाल्या, “चार वर्षं झाली, तेवढा पाईप काढा म्हणतेय मी.” बरं झालं काढला नाही. पोरगा वर, मी खाली राउटरच्या पानावर आकडा वाचत. इथं काड्या बघायच्या नसतात, डीबीएम बघायचं असतं; वजा आकडा जितका लहान, तितका सिग्नल पक्का. देवळीशेजारी वजा ११८ होतं, अंगणात वजा १०६. अँटेना तालुक्याच्या दिशेनं धरला तसा आकडा वजा ९८ वर आला. वजा ११८ ते वजा ९८ म्हणजे वीस डेसिबल, म्हणजे शंभरपट शक्ती. पोरगा वरून ओरडला, “काका, बांधू का?” मी म्हटलं, थांब, आधी वेग बघू. वेग यथातथाच. मग त्यानं अँटेना जरा उजवीकडं वळवला, दुसऱ्या गावच्या टॉवरकडं. आकडा वजा १०३ वर घसरला आणि व्हिडिओ मात्र न थांबता चालला. तालुक्याच्या टॉवरवर अख्खा तालुका लटकलेला होता. जोरात ऐकू येणारा टॉवर आणि मोकळा टॉवर यांत मोकळाच निवडावा, हे त्या दुपारी पटलं. संध्याकाळी सातनंतर तोही भरायचा, आणि त्यावर जगातल्या कुठल्याही अँटेनाकडं उपाय नाही.

पैसे कुठं वाया जातात तेही सांगतो. केबलमध्ये. टीव्हीच्या सवयीनं लोक पातळ, स्वस्त केबल वीस-वीस मीटर ओढतात. पातळ केबल १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये सहा-सात डेसिबल सहज खाते. अँटेनानं कमावलेलं केबल गिळते आणि खाली पूर्वीइतकंच उतरतं. जाड केबल त्याच अंतराला दोनच्या आसपास खाते, पण किंमत आणि वळवण्याचा त्रास दोन्ही जास्त. दुसरी चूक, एकच केबल. चार जी दोन वाटांनी बोलतो, म्हणून अँटेना दोन, एकमेकांना काटकोनात तिरपे. तिसरी, ज्या पट्ट्यात आपली कंपनी बोलते त्या पट्ट्याचाच अँटेना आहे का, हे न बघणं. नऊशे-अठराशेसाठी बनवलेल्या अँटेनाला २३०० मेगाहर्ट्झ नीट ऐकू येत नाही. किनवट-माहूरच्या सागवानाच्या डोंगरात तर आणखी अडचण: मध्ये डोंगराची धार असेल तर काटा कितीही लांब लावा, पाईपच उंच लागतो, किंवा मग नाद सोडायचा.

वानरांचं आणि विजेचंही बघावं लागतं. वानर अँटेनाच्या काट्यांना झोके घेतं, त्यामुळं दिशा दर महिन्याला नव्यानं लावायची. वीज हा थट्टेचा विषय नाही. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात दरवर्षी माणसं आणि जनावरं विजेनं जातात. उंच लोखंडी पाईपला अर्थिंग हवंच आणि गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवलेली बरी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याआधी इशारा देतं, पण त्यालाही रेंज लागते.

ऑनलाइन क्लासच्या याच काळात ‘बूस्टर’चा सुळसुळाट झाला. टीव्हीला बूस्टर चालायचा, मग मोबाइलला का नको? कारण टीव्ही फक्त ऐकतो. मोबाइल टॉवरला उत्तरही देतो. राउटरला जोडलेला साधा अँटेना ऐकणं आणि बोलणं दोन्ही थोडं सुधारतो, नवी वीज हवेत सोडत नाही. बूस्टर मात्र दोन्हीकडचं वाढवतो, गोंगाटासकट, आणि टॉवरचे कान किटवतो. एका घरात काड्या वाढतात आणि गावात बाकीच्यांचे कॉल तुटू लागतात. परवान्याशिवाय असं यंत्र लावणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि दूरसंचार खात्यानं मोठ्या शहरांत छापे टाकून बूस्टर जप्तही केले आहेत. ऑनलाइन दुकानांत तरीही ते मिळत राहिले, तीन हजारांपासून, ‘शंभर टक्के कायदेशीर’ असा मजकूर छापून.

२०२३ मध्ये कंपन्यांनीच पाईपचा धंदा हाती घेतला. एअरफायबर नावाखाली छपरावर बसणारा पांढरा डबा म्हणजे अँटेना आणि राउटरचा रेडिओ एकाच खोक्यात. खाली उतरते ती साधी नेटवर्कची वायर, जिच्यात डेसिबल गळत नाहीत. केबलचं दुखणं असं मुळातच संपलं. यंत्र वर न्यायचं आणि डेटा खाली आणायचा, एवढीच ती युक्ती. डोंगल खिडकीला टांगणाऱ्यांना ती आधीच सुचली होती. पण हा डबा मिळतो तो जिथं पाच जी पोचलं आहे तिथं, म्हणजे शहरात, तालुक्याला, हमरस्त्यालगत. आडगावातल्या घरानं अर्ज केला तर सेवा उपलब्ध नाही असा निरोप येतो, आणि गरज त्याच घराला जास्त असते.

गावागावात फायबर नेणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. २०२२ मध्ये केंद्रानं बिनरेंजच्या २४,६८० गावांत चार जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं देशी बनावटीचं चार जी जाहीर झालं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. त्या नकाशात आपलं गाव रंगवलेलं दिसेल, पण तो रंग उघड्या आभाळाखालचा असतो. पत्र्याखाली आणि देवळीशेजारी काय पोचतं हे तपासण्याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही. ती टाकली पाहिजे असं मला वाटतं, निदान शाळा, रेशन दुकान आणि आरोग्य उपकेंद्र एवढ्या तीन इमारतींपुरती.

आणि गरज आता घरातून शेतातही गेली आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू आहे. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. बांधावर पाईप कोण नेणार? ॲप फोटो साठवून ठेवतं हे नशीब. मावसभाऊ सोयाबीनचे फोटो घेऊन संध्याकाळी घरी येतो, माळवदावरच्या अँटेनाच्या जिवावर ते पाठवतो, आणि आखाडा शेजारी असलेले दोघं-तिघंही त्याच वेळी आपापले फोन घेऊन त्याच्या वायफायवर येऊन बसतात. चहा वहिनींना करावा लागतो, त्याबद्दल त्यांची तक्रार आहेच.