गाठीची कड

ओळखीतल्या एका काकूंच्या कानाखाली गाठ आली. सुईची तपासणी झाली आणि रिपोर्ट हातात पडला: लाळग्रंथीची गाठ; साधी की कर्करोगाची, अनिश्चित. ‘एवढे पैसे मोजून अनिश्चित?’ म्हणून घरातले सगळे चिडले. मला मात्र ‘सांगता येत नाही’ असं लिहून खाली सही करणाऱ्यांबद्दल कुतूहल वाटलं. परवानगी काढून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जाऊन बसलो.

दारातच फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं. बाहेरच्या खोलीत सुईचं काम चालतं. ‘आजोबा, मान तिकडे वळवा. आता गिळू नका हं.’ डॉक्टरबाई दोन बोटांत गाठ धरतात, बारीक सुई आत जाते, दोन-चारदा मागेपुढे होते आणि बाहेर येते. आजोबांची विडी जुनी. गाठीतून निघालं ते गाडीच्या जुन्या ऑइलसारखं तपकिरी पाणी. बाईंचा चेहरा सैल झाला. बहुधा वॉर्थिनची गाठ. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९२९ साली तिचं वर्णन केलं. धूम्रपान करणाऱ्यांत ती जास्त आढळते, आणि जवळजवळ नेहमी निरुपद्रवी निघते.

‘ऐंशीचं गणित लक्षात ठेवा,’ बाई म्हणाल्या. लाळग्रंथींच्या गाठींपैकी साधारण ८० टक्के कानाजवळच्या ग्रंथीत. त्यातल्या ८० टक्के साध्या. आणि त्या साध्यांतल्या ८० टक्के एकाच जातीच्या, प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. हे गणित त्या दिवसभर कुणाला ना कुणाला ऐकवत होत्या. शिकाऊ डॉक्टरांना तर तोंडपाठ झालंय. पण बाईंचा खरा जीव ऐंशीच्या बाहेर राहिलेल्यांत: मायोएपिथेलिओमा, ऑन्कोसायटोमा, म्हाताऱ्या माणसांच्या वरच्या ओठात येणारा कॅनालिक्युलर अ‍ॅडिनोमा आणि शंभरात एखाद-दुसरा सापडणारा बेसल सेल अ‍ॅडिनोमा.

या शेवटच्या गाठीची काच त्यांनी मला दाखवली. लहान, गडद, एकसारख्या पेशींचे पुंजके. मला त्यात वावगं काहीच दिसेना. ‘अडचण तीच आहे,’ त्या म्हणाल्या. नसांच्या कडेकडेने पसरत जाणाऱ्या अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा अशाच दिसतात. आणि बेसल सेल गाठीचं एक कर्करोगी भावंडही आहे. त्या दोघांच्या पेशी शेजारी ठेवल्या तरी फरक कळत नाही. गाठ आपल्या कवचात राहिली की कवच फोडून शेजारच्या ग्रंथीत घुसली, यावर निवाडा. सुईतून येतात सुट्या पेशी. कवच येत नाही. २०१८ च्या मिलान पद्धतीत अशा गाठींसाठी वेगळा गटच केलेला आहे: गाठ आहे, स्वभाव अनिश्चित. काकूंचा रिपोर्ट त्याच गटातला असणार.

म्हणून मग अख्खी गाठ काढायची, तीही चेहऱ्याची नस सांभाळून, कारण ती नस कानाजवळच्या ग्रंथीतूनच जाते.

अशीच एक गाठ त्या दिवशी बरणीतून आली होती. एका बाजूने चिरलेली. आत काय आहे ते बघायचा मोह सर्जनला आवरला नसावा. शिकाऊ डॉक्टरने बाहेरून शाई लावली, चकत्या केल्या आणि विचारलं, ‘मॅडम, कवचाचे चार तुकडे घेऊ?’ ‘सगळं कवच घे.’

रात्रभर यंत्रात अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण. सकाळी ब्लॉक तयार. इथून पुढे काम मायक्रोटोमवरच्या ताईंचं. मी पुन्हापुन्हा त्यांच्याच टेबलापाशी जाऊन उभा राहत होतो. खोलीत उकडतंय, पण त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद, कारण वाऱ्याने पट्टी उडते. बर्फावर गार केलेला ब्लॉक त्या चिमट्यात बसवतात, चाक फिरवतात आणि पात्यावरून मेणाची पट्टी उतरू लागते. जाडी चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे काप. ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काचेवर झेलायची. कड दुमडली तर काप फुकट. ‘मधलं कुणालाही जमतं, कडेला हात लागतो,’ ताई म्हणाल्या. रिपोर्टवर त्यांचं नाव कुठेच नसतं, हे मला पटलं नाही.

सातव्या ब्लॉकमध्ये कवचाला खिंड दिसली आणि बाहेर चार-पाच पेशी. ही घुसखोरी, की चिरताना ओढल्या गेलेल्या पेशी? तेवढ्यात सर्जनचा फोन. ‘मॅडम, एका शब्दात सांगा ना, साधीच ना?’

‘उद्या सांगते.’ त्यांनी ताईंकडून त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप मागवले.

दुसऱ्या दिवशी त्या कापांत कवच सलग निघालं. बाहेरच्या पेशी शाईत लडबडलेल्या आणि सुट्या होत्या. शेजारच्या ग्रंथीत कुठेही शिरकाव नव्हता. बेसल सेल अ‍ॅडिनोमा, साधी गाठ.

‘म्हणजे साधीच होती! उगाच एक दिवस गेला,’ फोनवर सर्जन म्हणाले.

‘पुढच्या वेळी न चिरता पाठवा, डॉक्टर,’ बाई म्हणाल्या, ‘म्हणजे तो दिवसही वाचेल.’