वॉर्ड बदलावा की रोस्टर?

भुसावळ रेल्वेचं गाव. इथे नाईट, रनिंग, रेस्ट हे शब्द लहान पोरांनाही कळतात. माझे वडील इंजिनावर होते. 8 तासांची किंवा त्याहून मोठी ड्युटी झाली की मुख्यालयात 16 तासांची विश्रांती, हा रेल्वेचा नियम. तेवढा वेळ आम्ही भावंडं घरात दबक्या आवाजात बोलायचो. पुढे मी जीएनएम करून एका खासगी दवाखान्यात आयसीयूला लागले आणि माझ्या झोपेचा असा हिशेब कुणीच ठेवत नाही, हे कळलं. नाईट संपवून ओव्हर द्यायला उभं राहायचं. रिलीव्हर आलीच नाही तर तशीच पुढची ड्युटी.

आयसीयूत व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं माप आहे. आमच्याकडे रात्री चार बेड आणि मी एकटी. हळूहळू मला राग येणंही बंद झालं. नातेवाईक रडू लागले की माझी नजर फाइलवर जायची, कुठे सही राहिली का ते बघायला. याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामावरच्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम, असं ती म्हणते. थकवा, कामाबद्दलचा तुटकपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, या त्याच्या तीन खुणा.

मी डायलिसिस विभाग मागून घेतला. घरच्यांना वाटलं, नाईट सुटली म्हणजे सुख. काम सोपं मुळीच नाही. फिस्टुलावर बोट ठेवून रक्ताची थरथर ओळखायची, जाड सुया टोचायच्या आणि चार तास बीपीवर डोळा ठेवायचा. ते कधी खाली येईल, पायात गोळे कधी येतील, सांगता येत नाही. पण इथला पेशंट बोलतो. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की वजनकाट्यावर भांडण ठरलेलं. "ताई, एवढ्या उन्हात घोटभर पाणी नको का?" म्हणणारे काका चार किलो पाणी अंगात घेऊन आलेले असतात. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना तर केळी खाऊ नका म्हणून सांगावं लागतं, कारण तिच्यातलं पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. ज्याच्या शेतातून केळीचे ट्रक भरून जातात, त्याला हे पटवणं हीसुद्धा नर्सिंगच. मला ते जमतं, आवडतंही.

माझ्याबरोबरची एक मैत्रीण मात्र आयसीयूतून लेबर रूमला गेली आणि काही दिवसांत पुन्हा तशीच थकलेली, तुटक झाली. तिथेही नाईटला ती एकटीच होती. म्हणून बदली मागण्याआधी एक गोष्ट तपासावी: रजेवरून ताजंतवानं परतल्यावर ते काम हातात घ्यावंसं वाटतं का? वाटत असेल तर दोष रोस्टरचा आहे आणि वॉर्ड बदलून तो जाणार नाही. आराम होऊनही त्या दारातून आत जाववत नसेल, तर खुशाल बदला. त्याला कुणी पळपुटेपणा म्हणालं तर म्हणू द्या.

लहान गावात 'स्पेशालिटी' बहुतेक वेळा माणूस कमी पडेल तिथे ठरते. आज ओटी, उद्या कॅज्युअल्टी. मोठ्या शहरात जायची तयारी असेल तर क्रिटिकल केअर, नवजात बालकं, कॅन्सर, मानसिक आरोग्य अशा विषयांत एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. तो न करता विभाग बदलत असाल तर निदान जुन्या सिस्टरच्या हाताखाली शिकण्याचे दिवस मागून घ्या. आणि पहिल्याच नाईटला एकटीला उभं करत असतील, तर मला हे काम अजून येत नाही, असं लेखी द्या व त्याची पोच घ्या.