लवकर की लगेच? इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. लेकरांसोबत आपणही थोडं थोडं शिकतो. पण एकाच अर्थाचे दोन-तीन शब्द समोर आले की अडतं. कोणता वापरायचा?

आधी आपल्या मराठीकडे पाहू. ‘पोळ्या पटकन लाट’ म्हणतो, पण ‘पाऊस पटकन संपेल’ म्हणत नाही. ‘लवकर संपेल’ म्हणतो. बाळंतिणीला कळा सुरू झाल्या की १०८ नंबरवर ‘गाडी लगेच पाठवा’ सांगतो. तिथे ‘लवकर’ पुरत नाही. इंग्रजीतही असंच आहे.

‘सून’ म्हणजे लवकर. (घरातली सून नव्हे बरं!) किती लवकर, ते हा शब्द सांगत नाही. ‘इमिजिएटली’ म्हणजे लगेच, मध्ये दुसरं काहीच न करता. ‘शॉर्टली’ म्हणजे थोड्याच वेळात. रेल्वे स्टेशनवर गाडी येण्याआधी तो कानावर पडतो. दवाखान्याच्या कागदावर ‘इमिजिएटली’ या असं लिहिलं असेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही.

काही शब्द दिसायला बहिणी, पण अर्थाने वेगळ्या. ‘हार्ड’ला ‘ली’ जोडली की ‘हार्डली’ होतं आणि अर्थच फिरतो. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप कष्ट करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती काम जवळपास करतच नाही. दिवसभर वावरात कापूस वेचणाऱ्या बाईबद्दल असं बोललो, तर तिच्या कष्टांवर पाणीच फिरलं! आजाऱ्याबद्दल बोलताना तर फारच जपावं. ‘ब्रीदिंग हार्ड’ म्हणजे धाप लागली आहे. ‘हार्डली ब्रीदिंग’ म्हणजे श्वास जेमतेम चालू आहे. तसंच ‘लेट’ म्हणजे उशिरा, तर ‘लेटली’ म्हणजे अलीकडे.

मग निवड कशी करायची? आधी मनात मराठीत नेमकं ठरवायचं: लवकर, लगेच की थोड्या वेळाने? मग इंग्रजी शब्द शोधायचा. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, पूर्ण वाक्य लिहायचं. शंका असेल तिथे, विशेषतः दवाखान्यात, सरळ मराठीत बोलायचं. त्यात लाज कसली? शिक्षण मातृभाषेतून असावं, हा विचार १९३७ साली आपल्या वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने ‘सून’ आणि ‘इमिजिएटली’चं एकेक वाक्य करून आणावं. आम्हीही आणतो.