कंपनीचे चाक आणि बाहेरचा शॉकअप

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील वाहनदुरुस्तीच्या बोलीत ‘बाहेरचा’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ, मूळ उत्पादकाने न बनविलेला. त्याच्या विरुद्ध ‘कंपनीचा’. दुसरा केवळ दिशावाचक : ‘चाक बाहेर आले’ म्हणजे ते गाडीच्या अंगापासून दूर सरले. आडवाटांसाठी गाडी उंच करून घेताना हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात, आणि त्यांची गल्लत ही केवळ कोशकाराची अडचण राहत नाही.

जुन्या जीपगाड्यांना पुढेमागे कमानपाटे असत. उंची हवी तर एखादा पाटा वाढवीत. ऑक्टोबर २०२० मध्ये विक्रीस आलेल्या महिंद्र थारची रचना निराळी आहे. पुढील प्रत्येक चाक वरखाली बसविलेल्या दोन आर्मांवर स्वतंत्रपणे हलते व भार गुंडाळीच्या स्प्रिंगवर येतो. अशा गाडीस लांब शॉकअप व उंच स्प्रिंग घातली की आर्म अधिक खाली झुकतात आणि चाकाचा कलही बदलतो. हा कल सावरण्यासाठी वरचा आर्मही बाहेरचा घेतात. तो पुष्कळदा मूळ आर्मापेक्षा जाड असतो, आणि टायरच्या आतल्या गालाशी त्याची गाठ पडण्याचा संभव येथेच उत्पन्न होतो.

चाक कंपनीचेच ठेवावयाचे असेल तर प्रथम त्याचा ‘ऑफसेट’ पाहावा. हा शब्द मराठी वाचकास छपाईमुळे परिचित आहे. येथे मात्र त्याचा अर्थ, चाकाची मध्यरेषा व हबवर टेकणारी त्याची बैठक यांमधील अंतर. बैठक मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगास असेल तर ऋण. म्हणजे आकडा वाढला की चाक आत जाते! ‘जास्त ऑफसेट’ ऐकून चाक बाहेर येईल असे समजणारा ग्राहक भाषेच्या दृष्टीने निर्दोष असला तरी फसतो.

उदाहरणादाखल, साडेसात इंची रिम सुमारे १९० मि.मी. रुंद. ऑफसेट अधिक ४० असेल तर हबपासून आतल्या बाजूस ९५ व ४० मिळून १३५ मि.मी. जागा लागेल. त्यावर २५५ मि.मी. रुंदीचा टायर प्रत्येक बाजूस आणखी सुमारे ३२ मि.मी. फुगतो. म्हणजे टायरचा गाल १६७ वर आला. नवा आर्म १८० वर असेल तर मध्ये केवळ १३ मि.मी. उरतात.

यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे हब व चाक यांमध्ये चकती घालणे. औद्योगिक वसाहतीच्या शेजारात लेथवर ती करून घेणे अवघड नाही, आणि म्हणूनच ती फार लवकर सुचते. परंतु चाक जितके बाहेर सरते तितका बेअरिंगवरील ताण वाढतो, स्टिअरिंग जड होते व टायर मडगार्डला लागू लागतो. आमच्या मते चाक हलविण्यापूर्वी बारीक घडणीचा आर्म शोधणे अधिक शहाणपणाचे. शिवाय कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी कल्याणच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

सपाट जमिनीवर उभ्या गाडीत सारे ठीकच दिसते. खरी परीक्षा बारवी धरणाच्या बाजूच्या खाचखळग्यांत, एक चाक लोंबकळत असता व दुसरे दाबले गेले असता होते. म्हणून गाडी भक्कम स्टँडवर घेऊन स्प्रिंग काढावी, टायरच्या आतल्या गालास खडू फासावा आणि जॅकने आर्म तळापासून रबरी ठोकळ्यापर्यंत उचलीत प्रत्येक उंचीस स्टिअरिंग दोन्ही टोकांस फिरवावे. आर्मावर खडू उमटला तर कोणता भाग ‘बाहेरचा’ हा वाद तेथेच मिटतो.