दीड ग्लास दूध आणि मोडलेला शब्द

२०२४ हे कॅडबरीचं दोनशेवं वर्ष. जॉन कॅडबरी या क्वेकर पंथातल्या तरुणानं १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि पिण्याचं चॉकलेट विकणारं दुकान थाटलं, तिथपासूनची ही मोजणी. कंपनीनं जुन्या काळातली वेष्टनं पुन्हा छापून वाढदिवस साजरा केला. आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश राजघराण्याच्या मानाच्या पुरवठादारांची नवी यादी आली, तीत कॅडबरीचं नाव नव्हतं. व्हिक्टोरिया राणीनं १८५४ मध्ये दिलेला मान १७० वर्षांनी गेला. राजवाडा अशा निर्णयांची कारणं देत नाही. पण ब्रिटनमधल्या कितीतरी सामान्य गिऱ्हाइकांना कारण विचारावंसंही वाटलं नाही. अमेरिकन कंपनीनं घेतल्यापासून कॅडबरी पूर्वीची राहिलीच नाही, हे त्यांचं मत पंधरा वर्षांत पक्कं झालेलं होतं.

हे मत खरं किती आणि आठवणींनी फुगवलेलं किती? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

क्वेकर मंडळींचा दारूला विरोध. कोको हे त्यांच्या लेखी गरिबाला दारूपासून दूर ठेवणारं पेय होतं. जॉनची मुलं रिचर्ड आणि जॉर्ज यांनी १८७९ मध्ये कारखाना शहराच्या धुरातून बाहेर काढला आणि त्या जागेला बोर्नव्हिल नाव दिलं. आपल्याकडे कडवट काळ्या चॉकलेटच्या वेष्टनावर जे नाव दिसतं, ते या गावाचं. कारखान्याभोवती पुढे बागा असलेली घरं आली, खेळाची मैदानं आली. दारूचा गुत्ता मात्र येऊ दिला नाही. १९०५ मध्ये ‘डेअरी मिल्क’ बाजारात आलं. अर्ध्या पौंडाच्या वडीत दीड ग्लास दूध, ही १९२८ पासूनची जाहिरात इतकी मुरली की ब्रिटनमधल्या पिढ्यांच्या डोक्यात चॉकलेट म्हणजे कलंडलेल्या ग्लासातून पडणारी दुधाची धार, असंच चित्र बसलं.

जुनी कॅडबरी धुतल्या तांदळासारखी होती, असं मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा बराच कोको साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून यायचा आणि तिथले मजूर नावालाच मजूर होते. खरं तर गुलामच. १९०१ पासून ही कुणकुण असूनही खरेदी १९०९ पर्यंत चालू राहिली. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रानं त्यावर बोट ठेवलं, कॅडबरी बंधूंनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकलाही. ज्यूरीनं नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तुम्ही जिंकलात खरे, पण तुमच्या अब्रूची किंमत एवढीच, असं त्या नाण्यानं सांगितलं.

हे लक्षात ठेवून २००९ कडे येऊ. ७ सप्टेंबरला क्राफ्ट या अमेरिकन कंपनीनं कॅडबरीला मागणी घातल्याचं जाहीर केलं. बिस्किटं आणि चीज विकणाऱ्या या अवाढव्य कंपनीच्या प्रमुख होत्या आयरीन रोझेनफेल्ड. मागणीबरोबर त्यांनी एक गोड शब्दही दिला होता, सोमरडेलचा.

सोमरडेल हा ब्रिस्टलजवळच्या केन्शम गावातला कारखाना. मूळ फ्राय कंपनीचा. घट्ट वडीच्या रूपात खाता येणारं चॉकलेट पहिल्यांदा याच फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये बनवलं होतं. पुढे ती कॅडबरीत मिसळली. २००७ मध्ये कॅडबरीनंच हा कारखाना बंद करून काम पोलंडला न्यायचं ठरवलं. म्हणजे कुऱ्हाड घरच्यांनीच उगारलेली होती. क्राफ्ट म्हणाली, कंपनी आमच्या हाती आली तर सोमरडेल चालू ठेवता येईल. नोकरी जाणार म्हणून दिवस मोजणाऱ्या कामगारांना परक्याच्या बोलण्यात आशा दिसली.

सौदा अडला होता तो किमतीवर. कॅडबरीच्या संचालकांनी आधी नकार दिला, पण दरम्यान शेअर बाजारात पाणी वेगळ्याच दिशेनं वाहत होतं. बोली लागल्यावर चार पैसे सुटतील म्हणून शेअर घेणाऱ्या अल्पकालीन गुंतवणूकदारांचा हिस्सा काही महिन्यांत सुमारे पाच टक्क्यांवरून तीस टक्क्यांच्या आसपास गेला. कॅडबरीचं काय करायचं हे ठरवणारे हे लोक चॉकलेटचे गिऱ्हाईक नव्हते, की बोर्नव्हिलचे रहिवासी नव्हते. त्यांना फक्त फरक हवा होता, तोही पेन्समध्ये. १९ जानेवारी २०१० रोजी शेअरमागे ८४० पेन्स, एकूण सुमारे ११.५ अब्ज पौंड, यावर संचालकांनी मान तुकवली. या खरेदीसाठी कर्ज देणाऱ्यांत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड होती. २००८ च्या मंदीत सरकारनं जनतेच्या पैशानं वाचवलेली, बहुतांश सरकारी मालकीची बँक. बर्मिंगहॅमच्या करदात्याच्या पैशावर उभी असलेली बँक बर्मिंगहॅमची कंपनी विकत घ्यायला पैसे देत होती.

आणि ९ फेब्रुवारीला, म्हणजे ताबा मिळून आठवडाही होतो न होतो तोच, क्राफ्टनं सांगितलं की सोमरडेल बंदच होणार. पोलंडचं काम फार पुढे गेलंय, आता मागे फिरता येत नाही, हे कारण. सुमारे ४०० जणांची रोजीरोटी गेली. संसदेच्या समितीनं जाब विचारला, तेव्हा रोझेनफेल्ड स्वतः आल्या नाहीत. हाताखालच्या अधिकाऱ्यांना पाठवलं. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या टेकओव्हर पॅनेलनं मे २०१० मध्ये क्राफ्टची उघड कानउघाडणी केली. २०११ मध्ये नियम बदलले आणि खरेदीदारानं आपले इरादे स्पष्ट सांगावेत, दिलेला शब्द पाळावा, अशी कलमं आली. सोमरडेलला त्यांचा उपयोग नव्हता.

पुढच्या सगळ्या चवींचं मूळ मला इथे दिसतं. एवढं सगळं होईपर्यंत चॉकलेटच्या कृतीला कुणी हातही लावलेला नव्हता. बदलला होता तो खाणाऱ्याचा मूड. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इथे तर गिऱ्हाईक दूधच फुंकून प्यायला लागलं.

आणि फुंकण्यासारखं काही ना काही दरवर्षी सापडत गेलं. २०१२ मध्ये क्राफ्टनं आपले दोन भाग केले आणि कॅडबरी ज्या भागात गेली त्याला मोंडेलीझ असं जिभेला न वळणारं नाव मिळालं. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कच्या चौकोनी खणांचे कोपरे गोल झाले आणि ४९ ग्रॅमची वडी ४५ ग्रॅमची झाली. किंमत तीच. आपल्याकडे याला ‘मापात पाप’ म्हणतात. लोक म्हणू लागले, चव जास्त गोड झाली, तेलकट झाली. कंपनी म्हणाली, कृती अजिबात बदललेली नाही. गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असू शकतात. वडीचा आकार बदलला की ती तोंडात वितळण्याची गत बदलते, जिभेला कुठला कण आधी भिडतो ते बदलतं. कृती तीच असूनही चव वेगळी लागू शकते. पण ‘काहीच बदललं नाही’ हे उत्तर ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याच तोंडून पटतं, आणि तो भरवसा केन्शमच्या फाटकाशी कुलूपबंद झाला होता.

जानेवारी २०१५ मध्ये मात्र संशयाचं कारणच उरलं नाही. क्रीम एग म्हणजे चॉकलेटच्या कवचात पांढरा-पिवळा गोड पाक भरलेलं अंडं. नवीन वर्षापासून ईस्टरपर्यंतच मिळणारं, म्हणून त्याची वाट पाहिली जायची. आपल्याकडे संक्रांतीच्या हलव्याची पाहतात तशी. त्याचं कवच डेअरी मिल्कचं असायचं. ते काढून साधं कोको मिश्रणाचं चॉकलेट आलं. डब्यातली सहा अंडी पाच झाली. कंपनीनं सांगितलं, आम्ही लोकांना खायला घालून तपासलंय. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर ठणाणा केला, आणि पुढच्या वर्षी बाजाराची आकडेवारी आली तेव्हा क्रीम एगची विक्री सुमारे ६० लाख पौंडांनी घसरलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला हा आकडा म्हणजे ओरखडा. पण तो ओरखडा दिसत राहिला.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, डेअरी मिल्कवरचा फेअरट्रेडचा शिक्का जाऊन तिथे मोंडेलीझची स्वतःची ‘कोको लाइफ’ योजना येणार असं जाहीर झालं. कोको पिकवणाऱ्याला न्याय्य दाम मिळतो की नाही, हे आता बाहेरच्या पंचाऐवजी कंपनीचा स्वतःचा कार्यक्रम सांगणार होता. त्याच वर्षी मोंडेलीझच्याच टोबलेरोनचे त्रिकोणी डोंगर विरळ झाले, ४०० ग्रॅमचे ३६० झाले. लोक इतके हसले आणि चिडले की २०१८ मध्ये डोंगर पुन्हा जवळ आणावे लागले.

इथवर वाचून सगळं खापर अमेरिकन मालकावर फुटेल, म्हणून न्यूझीलंडची गोष्ट सांगायला हवी. २००९ मध्ये तिथल्या डेअरी मिल्कमध्ये कोको बटरच्या काही भागाऐवजी पाम तेल आलं आणि वडीही लहान झाली. क्राफ्टची मागणी अजून यायची होती. हे करणारी कंपनी अस्सल ब्रिटिश होती. पाम तेलाच्या लागवडीसाठी ओरांगउटानांची जंगलं जातात म्हणून ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयानं कॅडबरी विकणंच थांबवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनं चूक कबूल केली आणि कोको बटर परत आणलं. तरी गेलेली गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत. बरीचशी व्हिटाकर्स या देशी, घरच्यांच्या मालकीच्या चॉकलेटकडे वळली ती वळलीच. २०१८ मध्ये ड्युनेडिनचा कॅडबरीचा कारखाना बंद झाला, तो मोंडेलीझच्या कारकिर्दीत. सोमरडेल बंद करायचं जुन्या मालकांनी ठरवलं आणि नव्यांनी केलं. पाम तेल जुन्यांनी घातलं आणि ड्युनेडिनला कुलूप नव्यांनी लावलं. नफ्याचं गणित मालकाचा देश पाहत नाही. फरक एवढाच, की जुन्या मालकाच्या चुका माफ करायला गिऱ्हाइकाकडे शंभर वर्षांची शिल्लक होती. नव्यानं ती शिल्लकही विकत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात उधळली.

आपल्याकडे याचे पडसाद फारसे उमटले नाहीत, याचं कारण आपल्या भाषेत आहे. मराठी घरात ‘चॉकलेट’ म्हणजे बरणीतली, कागदात पिळलेली गोळी, आणि ‘कॅडबरी’ म्हणजे चांदीच्या कागदातली वडी, मग ती कुठल्याही कंपनीची असो. १९४८ मध्ये मुंबईत आलेली ही कंपनी आपल्यासाठी व्याकरणातलं सामान्यनाम झाली. ठाण्याला कॅडबरी जंक्शन आहे. २०१४ मध्ये कंपनीचं भारतातलं नाव बदलून मोंडेलीझ झालं, पण चौकाचं नाव बदला असं कुणी म्हटलं नाही. बोर्नव्हिलच्या माणसाला वाटतं तसं ‘आमची कंपनी परक्यांनी नेली’ हे दुःख आपल्याला नव्हतंच; आपल्यासाठी ती परक्यांचीच होती, फक्त वेष्टन आपल्या ओळखीचं होतं. आपली परीक्षा त्याआधीच झाली होती. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मुंबईतल्या काही वड्यांत अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं साठे जप्त केले. कंपनीनं आधी दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. पण मग वेष्टन बदललं, चांदी हवाबंद केली आणि २००४ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन यांना घराघरांत पाठवलं. लोक परतले. बच्चन यांचा वाटा होताच. पण हातात घेऊन पाहता येईल असा बदल त्यांच्या आधी दुकानात पोचला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या घराजवळचाही एक सौदा झाला. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला आणि पुढच्या दशकात गोळ्या. पान पसंद, मँगो मूड. त्या गोळ्यांची नावं, बोधचिन्हं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटी रुपयांना घेतल्या. कॅडबरीच्या सौद्यापुढे ही रक्कम म्हणजे सुटे पैसे. पण एसटीच्या प्रवासात खिडकीशी बसून ती पानाच्या चवीची गोळी गालात फिरवलेला माणूस आता नवी पुडी घेईल, कागद उलगडेल आणि तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबेल. आजवर असं थांबायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.