रेघेचा आरंभ आणि रेघेचा चढ

मुर्तिजापूरहून अंजनगांव सुर्जीवरून अचलपूरला जाणारी अडीच फुटी आगगाडी वऱ्हाडांत ‘शकुंतला’ या लाडक्या नांवानें ओळखली जाई. आज ती धांवत नाहीं. परंतु तिच्या ७६ किलोमीटरांच्या एकेरी मार्गावर बीजगणितांतील एक प्रकरण फार सुलभ रीतीनें समजून घेतां येतें.

य = म × क्ष + क हें सूत्र शाळेंत मुलें पाठ करतात; पण त्यांतील दोन अक्षरांचें मर्म पुष्कळांना उमगत नाहीं. ‘क’ सांगतो रेघ उभ्या अक्षाला कोठें भेटते, आणि ‘म’ सांगतो उजवीकडे एक घर सरकलें असतां ती किती चढते वा उतरते.

आडव्या अक्षावर तास घ्यावे, उभ्या अक्षावर मुर्तिजापूरपासूनचें अंतर. गणिताच्या सोयीसाठीं वेग ताशीं १९ किलोमीटर धरावा. मुर्तिजापूरहून निघणाऱ्या गाडीचें समीकरण य = १९क्ष. येथें ‘क’ शून्य; म्हणून रेघ आरंभबिंदूपासून निघून तासागणिक १९ नें चढते.

आतां त्याच वेळीं अचलपूरहून दुसरी गाडी सुटली अशी कल्पना करावी. तिचें समीकरण य = −१९क्ष + ७६. प्रथम उभ्या अक्षावर ७६ ची खूण करावी. तेथून एक घर उजवीकडे व १९ खालीं, म्हणजे ५७ वर, दुसरी खूण करावी. पट्टीनें दोन्ही जोडल्या कीं काम झालें; किंमतींचें लांबलचक कोष्टक नको.

या दोन रेघा दोन तासांनीं, ३८ व्या किलोमीटरवर, परस्परांना छेदतात. कागदावर तो निव्वळ बिंदु. एकेरी रुळावर मात्र दोन इंजिनें समोरासमोर! तेथें गाडी बाजूला घेण्यास दुसरा रूळ असलेलें स्टेशन हवें. नसल्यास वेळ बदलावी. दुसरी गाडी एक तास उशिरा सोडल्यास समीकरण य = −१९क्ष + ९५ होतें. उतार तोच, म्हणून रेघ पहिलीला समांतरच राहते. फक्त ‘क’ वाढल्यामुळें ती वर सरकते. गांठ आतां अडीच तासांनीं, ४७.५ व्या किलोमीटरवर पडते. (अर्थात् पहिल्या तासांत ती गाडी अचलपुरांतच उभी असते, रेघेचा तेवढा भाग केवळ कागदावरचा.)

आगगाड्यांचीं वेळापत्रकें आंखतांना अशाच रेघांचे तक्ते उपयोगी पडतात. आधीं आरंभ, मग चढ, एवढा क्रम ज्यानें ध्यानांत धरला, त्याला सरळ रेघेचें भय उरत नाहीं.